मुलं सांगून येतात

पूर सांगून येत नाही, आग सांगून येत नाही. पहिलीत बसणारं मूल मात्र सहा वर्षं आधी कळवून येतं. तरी दर जूनला शाळेच्या दारात पालकांची रांग लागली की यंत्रणा दचकते.

दचकण्यासारखं काय आहे यात?

मूल जन्मलं की २१ दिवसांत नोंद करायची असते. ती होते महापालिकेच्या कार्यालयात. बीसीजी, पोलिओ, गोवर-रुबेला या लशी महापालिकेच्या दवाखान्यात टोचल्या जातात. तिसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नाव चढतं, वजन-उंचीसकट. इतक्या वेळा मोजलेलं मूल पहिलीच्या दारात अनोळखी कसं होतं?

उत्तर ठरलेलं असतं. बाळंतपण माहेरी होतं, भाडेकरू घर बदलतात, परगावचे मजूर येतात-जातात, त्यामुळे आकडा चुकतो. चुकेल की. शे-दोनशेनं चुकेल. पण जो मोजतच नाही, त्यानं चुकण्याची भीती कशाला बाळगावी?

आणि मोजणं हे ऐच्छिक काम नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ उघडा. हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हेही त्याच कलमात आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तेव्हा पहिलीत गेलेली मुलं आज मतदार झाली.

त्याच कायद्याचं कलम ६ म्हणतं, जिथे परिसरात शाळा नाही तिथे ती तीन वर्षांत उभी करा. म्हणजे २०१३ पर्यंत. आज शहराच्या कडेला उभं राहून विचारा, ही मुदत कोणाला आठवते?

मुलं सांगून येतात, तशा इमारतीही सांगून येतात. बारा मजली टॉवर रात्रीत उगवत नाही. नकाशा मंजूर होतो, जोतं तपासलं जातं, शेवटी भोगवटा पत्र दिलं जातं. प्रत्येक कागदावर सही कोणाची? त्याच महापालिकेची, जी नंतर म्हणते की इतकी वस्ती वाढेल असं वाटलं नव्हतं.

नकाशात पार्किंग मोजतात. किती मोठा फ्लॅट, त्याला किती चारचाकी, किती दुचाकी, सगळं नियमात आहे. पार्किंग कमी पडलं तर नकाशा परत येतो. त्या फ्लॅटमधली मुलं कोणत्या शाळेत जाणार, हा रकानाच नकाशावर नाही.

गाडीची जागा सक्तीची. मुलाची जागा नशिबाची.

पुण्याचंच घ्या. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे. क्षेत्रफळानं राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाल्याची बातमी झळकली. हद्द वाढली, कराची बिलं वाढली. वर्गखोल्या किती वाढल्या, याची बातमी तुम्ही पहिल्या पानावर कधी वाचलीत?

गाव हद्दीत आलं की जिल्हा परिषदेची शाळा महापालिकेकडे द्यावी लागते. इमारतीची फाइल वेगळी, जमिनीची वेगळी, शिक्षकांची वेगळी, त्यांच्या सेवाज्येष्ठतेची आणखी वेगळी. फायली फिरत असतात तोवर गळकं छप्पर कोणी दुरुस्त करायचं? जिल्हा परिषद महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका जिल्हा परिषदेकडे. पाणी मुलांच्या वह्यांवर पडतं.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं तर आधी महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. मालक बदलत राहिले. पहिलीतलं मूल चौथीत पोहोचलं.

आणि दाद मागायची तरी कोणाकडे होती? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक होता. ज्या वर्षांत नवी गावं शहरात मुरत होती, नेमक्या त्याच वर्षांत तिथल्या पालकाला नगरसेवक नव्हता.

*

दुबार पाळीच्या एखाद्या शाळेत दुपारी बाराच्या सुमारास जाऊन उभे राहा.

सकाळची मुलं पॅसेजमध्ये ओळीनं मांडी घालून खिचडी खात असतात. दुपारची मुलं पाठीवर दप्तर घेऊन भिंतीला टेकून उभी असतात, खाणाऱ्यांच्या ताटावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून. आत बाई घाईघाईनं फळा पुसतात. कपाट एक, कड्या दोन, कुलपं दोन. सकाळच्या बाईंनी लावलेला तक्ता दुपारच्या बाईंच्या उपयोगाचा नाही, पण भिंत तेवढीच आहे. एकच संडास, दोन पाळ्यांचा. मैदानात उरलेल्या वर्गांची हजेरी चालू.

या शाळेची 'क्षमता' कागदावर दुप्पट दिसते. प्रत्येक मुलाला मिळते ती अर्धी शाळा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण जिथे सकाळी सातला पहिली पाळी भरते म्हणूनच दुपारी दुसरी पाळी भरू शकते, तिथे हा आदेश कुठे ठेवायचा?

झोपेचा आदेश निघाला. खोलीचा आदेश निघाला नाही.

२०२० मध्ये पाचवीचा वर्ग प्राथमिक शाळेला जोडायचं ठरलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ते बरोबरच. तिथे पहिला टप्पा पहिली ते पाचवीचा. आपल्याकडे चौथीवर तोडायची जुनी सवय. आता चार खोल्यांच्या शाळेत पाचवा वर्ग कुठे बसणार? एक तर तिसरी-चौथी एकत्र, किंवा पाचवी व्हरांड्यात.

वर्ग कागदावर जोडता येतो. खोलीला विटा लागतात.

आता एक खोली मागून पाहा. मुख्याध्यापक प्रस्ताव देतात केंद्रप्रमुखांकडे. तिथून गटशिक्षणाधिकारी, तिथून जिल्ह्याचा शिक्षण विभाग, तिथून बांधकाम विभाग. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. पैसा समग्र शिक्षा योजनेतून की जिल्हा नियोजन समितीतून, यावर चर्चा. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. मध्ये आचारसंहिता लागली तर सगळं थांबतं.

जुनी खोली मोडकळीला आली असेल तर आणखी एक पायरी. ती पाडण्याआधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे नोंदीतून ती कमी करावी लागते. निर्लेखन होईपर्यंत धोकादायक खोली उभी राहते, तिच्या दाराला दोरी बांधतात. कागदोपत्री ती खोलीच असते.

म्हणून 'उपलब्ध वर्गखोल्या' या रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यातल्या किती खोल्यांत मुलांना बसवण्याची हिंमत शिक्षकांना होते, ते विचारा.

खोली मिळाली, शिक्षकांचं काय? शिक्षकांची पदं ठरतात संचमान्यतेनं. संचमान्यता पाहते ३० सप्टेंबरचा पट. म्हणजे मुलं आधी यायची, शिक्षक नंतर मंजूर व्हायचे. ज्या वस्तीत दरवर्षी नवे टॉवर भरतात, तिथे शिक्षक कायम एक वर्ष मागे. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण. वाढत्या वस्तीत ते प्रमाण मोडल्याशिवाय पुढच्या वर्षीचा शिक्षक मिळत नाही.

नियम पाळायचा असेल तर आधी तो मोडावा लागतो. ही कुठली रीत?

त्यात आधारची भर. आधार वैध नसेल तर संचमान्यतेत त्या मुलाची मोजणी अडते. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या, पालावरच्या मुलांच्या कागदांत हमखास काहीतरी चुकलेलं असतं. जन्मतारीख वेगळी, नावाचं स्पेलिंग वेगळं. मूल बाकावर बसलेलं असतं, खिचडी खातं, बाराखडी म्हणतं.

शिक्षक मोजताना ते नसतं.

*

"जागाच नाही हो शहरात," हे दुसरं उत्तर.

जागा होती. विकास आराखड्यात प्राथमिक शाळेची आरक्षणं असतात, नकाशावर रंगवलेली, क्रमांक टाकलेली. आरक्षण टाकणं सोपं. जमीन ताब्यात घ्यायला पैसे आणि इच्छा लागते.

नगररचना कायद्याचं कलम १२७ काय सांगतं? आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे बारा वर्षं मिळतात. बारा वर्षांत एका मुलाची पहिली ते बारावी होते.

शाळेची जागा कोणी हिसकावून नेली नाही. मुदत संपू दिली गेली. मालकाला दोष का द्यायचा? त्यानं नोटीस दिली. नोटीस आल्यावर फाइल कोणाच्या टेबलावर पडून होती, त्याचं नाव मात्र कुठल्याच कागदावर येत नाही.

मोठ्या लेआउटमध्ये सुविधा क्षेत्र सोडावं लागतं. शाळा, दवाखाना, बाग, भाजी मंडई यांसाठी. ताब्यात आलेल्या अशा भूखंडाभोवती आधी पत्रे लागतात. मग आत राडारोडा पडतो. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत तर या सुविधा क्षेत्रांच्या जागा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं देण्याचा प्रस्ताव आला होता. मोठा गदारोळ झाला, पुणेकरांनी विरोध केला. बरं केलं. पण विरोध जिंकून राखलेल्या भूखंडावर शाळा उभी राहिली का, हे विचारायला आपण पुन्हा गेलो का?

जमीन वाचवणं अर्धं काम. उरलेलं अर्धं काम कंटाळवाणं असतं, म्हणून ते राहतं.

"निधी नाही," हे तिसरं उत्तर. मिळकत कराचं बिल काढा. त्यात शिक्षणकराचा रकाना आहे. राज्याचा शिक्षणकराचा कायदा १९६२ चा आहे. तुमच्या आजोबांनी भरला, वडिलांनी भरला, तुम्ही भरता. मुलाला खासगी शाळेत घातलंत तरी भरता. मग या प्रभागातून किती शिक्षणकर जमा झाला आणि याच प्रभागात किती वर्गखोल्या झाल्या, हे एका कागदावर का छापत नाहीत?

चौकात कमान उभारायला निधी असतो. कमानीखालून मुलं रिक्षात कोंबून तीन किलोमीटर लांबच्या शाळेत जातात.

*

चौथं उत्तर सगळ्यांत लाडकं. "सरकारी शाळेला मागणीच नाही. लोकांना खासगी हवी."

खोटं.

२०२० मध्ये मुंबई महापालिकेनं जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची आणि माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसईची शाळा सुरू केली. पाठोपाठ आणखी सीबीएसई शाळा आल्या. अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. सोडत! महापालिकेच्या शाळेसाठी!

शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेला प्रतीक्षा यादी लागली. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. गावानं आणि शिक्षकांनी ती उभी केली, २०२५ मध्ये तिला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. आज तिथे प्रवेश हवा असणाऱ्यांना कोणी 'मागणी नाही' म्हणून दाखवावं.

लोक सरकारी शाळा टाळत नाहीत. वाईट शाळा टाळतात. चांगली दिसली की रात्रीपासून रांग लावतात. आणि रांग लागली की आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या कशाला? प्रतीक्षा यादी म्हणजे बाहेर राहिलेल्या मुलांची यादी. ती पाहून पुढच्या वर्षी दोन तुकड्या वाढवायच्या असतात.

गरिबांच्या मागणीचा आकडा हवा? शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागा पाहा. २०२५-२६ साठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या. अर्ज ३ लाखांवर. बाहेर राहिलेल्या घरांत मोबाइलवर 'निवड झाली नाही' एवढंच दिसलं.

त्याआधीचं पाऊल आणखी धक्कादायक. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी अधिसूचना रद्दच केली.

आपला मुद्दा साधा आहे. सरकारनं शाळेचं अंतर मोजलं. त्या शाळेत रिकामे बाक किती आहेत, ते मोजलं का? एक किलोमीटरवरची भरलेली शाळा आणि दहा किलोमीटरवरची शाळा, मुलाला दोन्ही सारख्याच बंद.

मागणी आणखी एका ठिकाणी दिसते: अनधिकृत शाळांच्या यादीत. दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात यादी जाहीर होते, पालकांनी सावध राहावं असं आवाहन होतं. ठाण्यातल्या दिवा परिसराचं नाव त्यात हमखास असतं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दचं.

का बरं याच वस्त्या? चाळीतल्या दोन गाळ्यांत, जिन्याखालच्या खोलीत फी भरून पोराला घालणारा बाप मूर्ख आहे का? त्याला पायी जाण्याच्या अंतरावर दुसरी जागा नाही. अनधिकृत शाळा बंद कराच. मुलांच्या जिवाशी खेळ नको. पण दंडाची नोटीस लावणाऱ्यानं शेजारी दुसरी नोटीसही लावावी: या शाळेतली मुलं सोमवारपासून कुठे बसणार.

दिव्याची यादी हीच खरी मागणीची पाहणी. ती फुकट झालेली आहे. वाचायची तेवढी राहिली.

*

आता सरासरीचा खेळ.

कागदावर राज्यात बाकांची टंचाई नाहीच. २०२३ मध्ये शिक्षण विभागानं हिशेब मांडला, २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजार ७८३. त्यांत १ लाख ८५ हजार मुलं आणि २९ हजारांवर शिक्षक. या शाळा एकत्र करून समूह शाळा करा, असा विचार पुढे आला. उदाहरणं दिली पानशेतची आणि तोरणमाळची.

एकीकडे मुलं कमी म्हणून शाळा मिटवायच्या. दुसरीकडे मुलं जास्त म्हणून पाळ्या लावायच्या. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात. पुणे जिल्ह्याच्या डोंगरात चार मुलांची शाळा आहे आणि त्याच जिल्ह्यात वाघोली आहे.

मग डोंगरातले रिकामे बाक वाघोलीच्या मुलाला चालतील का? आणि वाघोलीत चार मजली शाळा बांधली म्हणून धनगरवाड्यावरची पोर ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालेल का?

राज्याची सरासरी उत्तम असू शकते. पहिलीतलं मूल सरासरीत राहत नाही, गल्लीत राहतं. आपल्या राज्यात प्राथमिक शाळेचं अंतर एक किलोमीटर ठरवलंय ते याच कारणानं. सहा वर्षांच्या पायांना तेवढंच झेपतं.

म्हणून लहान शाळा मिटवून मोठ्या शाळेचा खर्च काढण्याचं गणित कोणी मांडलं, तर ते तिथेच थांबवा. वस्तीवरची शाळा हा काही शिल्लक साठा नाही. दोन्हीकडची मुलं याच राज्याची आहेत.

शहरातही हेच. जुन्या पेठांतल्या महापालिका शाळांच्या दगडी इमारतींत वर्ग रिकामे पडतात. तिथली कुटुंबं कडेच्या गावांत राहायला गेली. इमारत जागेवर राहिली. महापालिकेच्या एकूण आकडेवारीत त्या रिकाम्या खोल्या जमा होतात आणि साहेब सांगतात, आपल्याकडे खोल्या पुरेशा आहेत.

कोणाकडे पुरेशा?

आणि वाढ म्हणजे काय, हेही एकदा स्पष्ट करू. पत्र्याची शेड टाकली, मार्चमध्ये आत भट्टी झाली, याला वाढ म्हणायचं नाही. एका वर्गात ७० मुलं बसवली, याला तर नाहीच. कायद्याच्या परिशिष्टात सगळं लिहिलंय: प्रत्येक शिक्षकाला एक खोली, मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. मैदान खाऊन खोल्या बांधल्या तर एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढलं.

दोन शब्द आपल्यालाही. सोसायटीशेजारच्या आरक्षित भूखंडावर काय हवं असं विचारलं की आपले हात कशासाठी वर होतात? बाग. जॉगिंग ट्रॅक. फार तर ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र. महापालिकेची शाळा म्हटलं की गर्दी आठवते, आवाज आठवतो. आपल्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या ताईंची मुलगी कुठे शिकते, हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

ती याच सोसायटीच्या मागे राहते. तिलाही एक किलोमीटरचाच हक्क आहे.

*

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा त्याच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असं मांडलं. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया!

तेव्हा पालक मुलाला पाठवत नव्हता, म्हणून राज्यानं त्याला दंड केला. आज पालक मुलाचा हात धरून दारात उभा आहे आणि राज्याकडे बाक नाही.

दंड कोणाला?

२००९ च्या कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. कलम ८ आणि ९ वाचा. 'सक्ती' आता सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. प्रवेश देणं, शाळा देणं, शिक्षक देणं, ही त्यांची बांधिलकी. पालकाचं काम एवढंच, मूल दारापर्यंत आणणं. ते तो करतोय.

करायचं काय, हे अवघड नाही.

मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटा पत्र देताना जवळच्या सरकारी शाळेत पहिलीच्या किती जागा आहेत, हे त्या पत्रावर छापा. जागा नसतील तर खोल्या कधी होणार, ती तारीख छापा.

शाळेचं आरक्षण आराखडा मंजूर होताच पहिल्या दोन वर्षांत ताब्यात घ्या. दहाव्या वर्षी जमिनीचा भाव पाहून हात वर करू नका.

वाढत्या वस्तीतल्या शाळांची संचमान्यता गेल्या सप्टेंबरच्या पटावर करू नका. अंगणवाडीतून येणाऱ्या मुलांचा आकडा धरून करा. जूनमध्ये शिक्षक वर्गात असला पाहिजे, पुढच्या वर्षीच्या फायलीत नाही.

नवी इमारत बांधताना पाया आणखी दोन मजले पेलेल असा घाला. पुन्हा निविदा, पुन्हा पाडापाडी, पुन्हा पाच वर्षं, यातलं निम्मं तरी वाचेल.

आणि हे सगळं होईपर्यंत, म्हणजे या आठवड्यापासून, आपण एक करू शकतो. क्षेत्रीय कार्यालयात जा, शिक्षण विभागात जा, मत मागायला येणाऱ्याला दारात थांबवा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मागायचे आहेत फक्त दोन आकडे. आमच्या प्रभागात येत्या जूनमध्ये पहिलीच्या वयाची मुलं किती? आणि चालत जाता येईल अशा सरकारी शाळेत पहिलीच्या जागा किती?

पहिला आकडा ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. दुसरा शाळेच्या भिंती मोजून निघतो. ज्या कार्यालयाला हे दोन आकडे देता येत नाहीत, त्यानं 'मागणी नाही' हे वाक्य पुन्हा उच्चारू नये. आणि ज्याला देता येतात, त्यानं वजाबाकी करून खोल्या बांधायला घ्याव्यात.

वजाबाकी दुसरीतल्या मुलालाही येते.

त्याला बसायला बाक मिळाला असेल तर.